पोस्टमनचं दहावं घर

"सोडा त्याला! सोडा म्हणते ना!"

मुंगी धावत आली आणि उद्यानाच्या साहेबांच्या हातातल्या साखळीला दोन्ही हातांनी लोंबकळली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला पोस्टमन होता. तो मुकाट उभा होता, आपल्यावरून एवढा आरडाओरडा का चाललाय हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

"हे बघ बाळ," साहेब म्हणाले, "मी पाच वेळा पाहिलं. पाच वेळा! वाळूत फुटकी अंडी, आणि शेजारी हा शहाणा बसलेला. आता पुरे झालं. रविवारी दुपारी बारा वाजता कोंडवाड्याची गाडी येईल. तोवर हा वर्कशॉपमध्ये बांधलेला राहील."

"पण साहेब, तिथे म्हाताऱ्या कुत्र्यांना कोणी घरी नेत नाही!" ताई म्हणाली. "आणि जे कोणी नेत नाही त्यांना..."

पुढचं तिने गिळलं. मुंगी ऐकत होती.

"तुमच्या मावशीचीच ही अंडी होती," साहेब जरा हळू आवाजात म्हणाले. "तिने जिवापाड जपलेली. मला काय आनंद होतोय का?"

पोस्टमन हे कुत्र्याचं नाव. ते ठेवलं होतं मुंगीच्या आईने. ती या किनारी उद्यानाची रक्षक होती. लांबच लांब किनारा, मागे टेकडी, टेकडीवरून उतरणाऱ्या तीन पायवाटा, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला ती एकटी. तिचा सगळ्यात लाडका पक्षी चिखल्या. मुठीएवढा जीव! तो काड्या आणत नाही की झाड शोधत नाही. उघड्या वाळूत छातीने एक खळगा करतो आणि त्यात तीन अंडी घालतो, वाळूच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसायची नाहीत. मुंगीची आई रोज उजाडता उजाडता अशी घरटी शोधायची, पोस्टमन तिच्याबरोबर असायचा. एकेका घरट्याशी जाऊन तो थोडं अंतर राखून बसायचा, ती "चल" म्हणाली की उठायचा आणि पुढच्या घरी जायचा. एकही घर चुकवायचा नाही, म्हणून पोस्टमन.

ती गेल्याला चोवीस दिवस झाले होते. ताप आला, डोक्यात गेला आणि तीन दिवसांत सगळं आटपलं. सुट्टी लागायला तेव्हा आठ दिवस होते.

म्हणून ताई आणि तिचा धाकटा भाऊ भोपळा या सुट्टीत इथे आले होते. मुंगीची आई ही त्यांची सख्खी मावशी. "मुंगीला एकटं सोडू नका," असं त्यांच्या आईने बजावून पाठवलं होतं. ताई तेरा वर्षांची, मुंगी बारा, भोपळा अकरा. भोपळा हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर जो मुलगा आला असेल तो पुसून टाका. हा काडीसारखा होता. गणितात लागोपाठ दोनदा भोपळा मिळवला म्हणून ते नाव चिकटलं, आणि खिशात कायम बिस्किटांचा पुडा असूनही अंगाला काही लागत नाही ते नाहीच.

पोस्टमनला वर्कशॉपच्या खांबाला बांधलं गेलं. तिथे मुंगीचे बाबा ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी आवळत होते. तेच उद्यानातली यंत्रं सांभाळत आणि ट्रॅक्टर चालवत.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना साहेबांना! आपला पोस्टमन असं करेल का?"

बाबा ट्रॅक्टरखालून बाहेर आले नाहीत. "साहेब बरोबर बोलतायत," तिथूनच म्हणाले. "तिच्या माघारी तिचं एवढं एकच राहिलंय. ते हा खात असेल तर मला तो इथे नको."

मुंगी वळून चालू लागली. चोवीस दिवसांत ती रडलीही नव्हती. ताईला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

---

"मी तपास करणार!" टेकडीच्या पायवाटेवरून उतरताना भोपळा म्हणाला.

"तू? परवा तुला स्वतःचा बूट सापडत नव्हता!"

"बूट आणि गुन्हेगार यात फरक असतो, ताई. बूट लपत नाही."

"पण तो तर लपला होता!"

मुंगी हसेल म्हणून दोघं बोलत होती. मुंगी हसली नाही, पण तिने पावलं उचलली एवढं खरं.

किनाऱ्यावर मावशीने रोवलेल्या नऊ काठ्या होत्या, एक ते नऊ आकडे घातलेल्या. ती गेल्यावर साहेबांनी प्रत्येक काठीभोवती पिवळ्या दोरीचं रिंगण घातलं होतं. दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढं. शेजारी पाटी: 'आत घरटं आहे. दोरीच्या आत पाऊल टाकू नये.' पूर्वी या मोसमात मावशी सबंध उत्तर किनारा बंद ठेवायला लावायची. साहेबांना ते कधीच पटत नसे. आता रिंगणं राखून बाकी किनारा लोकांसाठी खुला होता. सुट्टीची गर्दी, म्हणून रोज सकाळी त्याचा एकेक पट्टा झाडला जाई.

पाच नंबरच्या काठीपाशी तिघं थांबले. रिंगणापासून थोड्या अंतरावर वाळूत टरफलांचे तुकडे पडले होते. त्यांच्याभोवती एक चिमुकला पक्षी पळत होता. थोडं पळायचा, थांबायचा, एक पंख मोडल्यासारखा वाळूत ओढायचा आणि ओरडायचा.

"त्याला लागलंय!" भोपळा म्हणाला.

"नाही," मुंगी म्हणाली. "तो नाटक करतोय. आपण त्याच्या मागे लागावं आणि अंड्यांपासून लांब जावं म्हणून. आई सांगायची." ती टरफलांकडे पाहत राहिली. "त्याला अजून कळलेलंच नाही की अंडी गेली."

मग भोपळ्याने बिस्किट तोंडात टाकलं आणि गुडघ्यांवर बसून वाळू न्याहाळायला लागला.

"ही पोस्टमनची पावलं. वाटेवरून आली, सरळ टरफलांपाशी. इथे तो बसला. हा शेपटीचा फराटा... ताई! एक गंमत बघ!"

"गंमत काय त्यात?"

"गंमत नव्हे, घोळ. साहेब म्हणतात त्याने रिंगणातून अंडी पळवली. मग त्याची पावलं रिंगणाकडे जायला हवीत की नको? ही बघ, दोरीच्या जवळसुद्धा गेलेली नाहीत! हा काय उडत गेला?"

ताईने वाकून पाहिलं. खरंच होतं. पावलं येत होती आणि जात होती, पण रिंगणाच्या बाजूला एकही नव्हतं.

"शिवाय," भोपळा म्हणाला, "मावशीने मला महिन्याभरापूर्वी फोनवर सांगितलं होतं, 'सुट्टीत या, यंदा पोस्टमनची दहा घरं झालीत.' काठ्या तर नऊच आहेत. दहावं घर कुठाय?"

मुंगीने झटकन मान वर केली. "दहा म्हणाली आई? नक्की?"

"आईशप्पथ... म्हणजे, अगदी शप्पथ!"

"मग अजून एक घरटं आहे," मुंगी म्हणाली. "आईचं एक घरटं कोणालाच माहीत नाही."

चोवीस दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता.

---

शनिवारी सकाळी तिघं पुन्हा आले. पोस्टमन रात्रभर खांबाला बांधलेला होता, साखळीला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. आणि तरीही सहा नंबरच्या रिंगणाबाहेर वाळूत ताजी टरफलं पडली होती!

"सुटला! पोस्टमन निर्दोष सुटला!" भोपळा नाचायला लागला. "आता साहेब काय म्हणतील?"

"नाचू नको, पावलं मोडतील!" ताई ओरडली. मग तिने चहूकडे पाहिलं आणि चमकली. "कुठली पावलं? इथे कोणाचीच पावलं नाहीत."

नव्हतीच! कुत्र्याची नाहीत, माणसाची नाहीत, कावळ्याचीसुद्धा नाहीत. होत्या त्या फक्त सरळ, समांतर बारीक रेघा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"असा कोण असेल," भोपळा डोकं खाजवत म्हणाला, "जो येतो, अंडी फोडतो आणि जाताना पावलं पुसून..."

तो मध्येच थांबला. त्याला उत्तर सापडलं होतं आणि ते त्याला नको होतं. ताईने मुंगीकडे पाहिलं. मुंगी पांढरीफटक पडली होती.

रोज सकाळी सहा वाजता ट्रॅक्टर किनाऱ्यावर यायचा. मागे लोखंडी दात्यांची मोठी फणी जोडलेली. वाळूतला कचरा निघायचा, रात्रीच्या खुणा पुसल्या जायच्या. नंतर पोस्टमन आपल्या फेरीला यायचा आणि झाडलेल्या वाळूत पावलं उमटायची ती फक्त त्याची. ट्रॅक्टर चालवायचे मुंगीचे बाबा.

"पण काका तर दोरीच्या लांबून जातात," ताई घाईघाईने म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय."

"तेच तर," मुंगी म्हणाली. "घरटी दोरीच्या आत नाहीतच. थांबा, मी आले."

ती घराकडे पळाली. दाराशी तिच्या आईचे रबरी बूट होते. पंचवीस दिवस ते तिथेच होते. केर काढतानाही बाबा ते उचलायचे नाहीत, भोवतीने झाडू फिरवायचे. मुंगीने ते पायात घातले. सैल होते, पण फार नाहीत.

किनाऱ्यावर येऊन ती सहा नंबरच्या काठीला टाच लावून उभी राहिली आणि टेकडीवरच्या वाकड्या झाडाकडे तोंड केलं. मग टाचेला चवडा लावत, पावलापुढे पाऊल ठेवत मोजू लागली. "एक, दोन, तीन..." दोरी ओलांडली. "अठरा, एकोणीस, वीस."

तिच्या पायापुढेच टरफलं होती.

पाचव्या काठीपाशीही वीस. चौथ्या काठीपाशीही वीस, वाकड्या झाडाच्या दिशेनेच.

"हे तुला कसं माहीत?" भोपळ्याने विचारलं.

"मी लहान असताना आई अंगणात मोजून दाखवायची. 'वीस पावलं, वाकडं झाड,' असं गाणं म्हणायची. मला तो खेळ वाटायचा." मुंगी बुटांकडे पाहत होती. "कावळे हुशार असतात ना. घरट्यातच काठी लावली तर त्यांना पत्ता दिल्यासारखंच. म्हणून ती काठी लांब लावायची. आत्ता कळलं मला. ती मला दर वर्षी म्हणायची, 'एकदा चल माझ्याबरोबर.' मी म्हणायचे, सुट्टी लागली की येईन. आणि मग सुट्टीत झोपायचे."

आणि मग ती रडली. उभ्याउभ्याच, त्या मोठ्या बुटांत. ताईने तिला जवळ घेतलं, तर ताईलाही रडू फुटलं. भोपळा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

---

साहेबांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन पंखे आणि भिंतीवर पाट्याच पाट्या. ताईने सगळं सांगितलं, फक्त काकांचं नाव घेतलं नाही.

"रिंगणं चुकीच्या जागी?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मी माझ्या हाताने दोऱ्या बांधल्यात! जिथे काठी तिथे घरटं. पाच वर्षाच्या पोराला कळेल!"

"पण तुम्ही आत अंडी पाहिली का?" भोपळ्याने विचारलं.

"दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे. मी केलेला नियम मीच मोडू?"

"म्हणजे आत अंडी आहेत की नाहीत ते तुम्ही बघितलंच नाही."

साहेबांचे कान लाल झाले. "मोठ्यांना उलट बोलायचं नाही! मला कामं आहेत. कुत्रा बांधलेला होता ना? मग हे कोल्ह्याचं काम असेल. पण म्हणून आधीची पाच माफ होत नाहीत!"

भोपळ्याने पडतं घेतलं. चेहरा एवढा केविलवाणा केला की ताईलाही क्षणभर खरं वाटलं. "बरोबर आहे तुमचं, साहेब. पण उद्या तो जाणारच आहे. सकाळी शेवटचं एकदा त्याला समुद्र दाखवू? साखळी हातातच धरू. मुंगीसाठी हो, फक्त मुंगीसाठी."

साहेब विरघळले. त्यांनी खिशातून किल्ली काढली. "सात वाजायच्या आत परत आणा. आणि ते पावलांचं खूळ डोक्यातून काढा."

"काढतो, साहेब!" भोपळा म्हणाला आणि बाहेर आल्यावर किल्ली ताईच्या हातात ठेवली.

"मुंगे, आता काकांना सांगायचं," ताई म्हणाली. "सात, आठ आणि नऊ, तीन घरटी अजून शाबूत असतील. आणि पोस्टमन सुटेल."

पण संध्याकाळी जेवायच्या टेबलाशी बाबा समोर बसले होते. सूप गार झालं तरी चमचा हातातच. एकाएकी ते आपणहून बोलले, आणि हल्ली ते आपणहून बोलत नसत.

"साहेब म्हणाले होते, या पट्ट्यात ट्रॅक्टर दुसऱ्या कोणालाही चालवू दे. मी म्हटलं नाही, मीच चालवणार. एकाही दोरीला धक्का लागू दिलेला नाही मी. रोज तिथून जाताना तिला सांगतो, तुझी घरटी सांभाळतोय बरं का."

ताईने टेबलाखाली मुंगीचा हात दाबला.

"मी नाही सांगणार," नंतर खोलीत मुंगी म्हणाली. "उद्या पहाटे बाबांच्या आधी जाऊ. दोऱ्या सोडून खऱ्या घरट्यांभोवती बांधू. घरटी वाचतील, बाबांना काहीच कळणार नाही."

"आणि पोस्टमन?"

मुंगीने गुडघ्यांत तोंड खुपसलं. "पोस्टमनला वाचवायचं तर बाबांना सांगावं लागेल, की तुम्हीच... नाही, ताई. माझे बाबा त्या एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत."

ताईने पहाटेचा गजर लावला आणि दिवा मालवला.

---

रविवारी उजाडताना तिघं आणि पोस्टमन किनाऱ्यावर होते. मुंगीच्या पायात बूट. सातव्या काठीपासून वीस पावलं, आणि तिथे तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी! भोपळ्याच्या तोंडून आवाज फुटणार होता, तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला. भराभर दोरी सोडली आणि घरट्याभोवती बांधली. मग आठवी. गाठी सुटता सुटत नव्हत्या.

"नववी राहिली, चला!"

पण वाटेच्या वळणावर ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. आज बाबा लवकर निघाले होते. ताई ट्रॅक्टरच्या दिशेने पळाली, हात हलवत, "काका! काका!" तिचा आवाज इंजिनात विरून गेला. मुंगीच्या हातून साखळी निसटली आणि पोस्टमन सुटला. तो कुठेही पळाला नाही. ठरल्याप्रमाणे नवव्या घरी गेला आणि घरट्यापासून हातभर अंतरावर बसला. ट्रॅक्टर त्याच्याच रोखाने येत होता.

करकचून ब्रेक लागला. बाबा उडी टाकून उतरले. त्यांचे डोळे लाल होते.

"इथेही आलास? शेवटचं उरलंय तेही खायला?" त्यांनी त्याचा पट्टा धरला, हिसका दिला. पोस्टमन जागचा हलला नाही. त्याला कोणी "चल" म्हटलं नव्हतं. बाबांनी हात उगारला. या कुत्र्यावर त्यांनी आजवर कधी हात उगारला नव्हता.

"बाबा, नको!" मुंगी त्यांच्या हाताला बिलगली. "त्याने नाही खाल्ली! त्याने एकही नाही खाल्ली! बाबा, ते... ते ट्रॅक्टरने..."

तिने फक्त बोट दाखवलं. कुत्र्याच्या नाकापुढे तीन अंडी होती, धक्काही न लागलेली. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापासून चार पावलांवर. आणि पिवळी दोरी तिकडे पलीकडे, रिकाम्या वाळूभोवती.

बाबांनी अंड्यांकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. मुलीच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. "वीस पावलं," ते पुटपुटले. "वीस पावलं, वाकडं झाड... अंगणात म्हणायची." मग त्यांनी मागे वळून रोजच्या त्या किनाऱ्याकडे पाहिलं, स्वच्छ झाडलेल्या.

"किती?"

"सहा," मुंगी म्हणाली.

बाबा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मोठं माणूस असं रडताना ताईने आणि भोपळ्याने कधी पाहिलं नव्हतं. कुठे पाहावं तेच त्यांना कळेना.

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"पण विचारायला हवं होतं गं. चौदा वर्षं संसार केला, पण तिची एक सकाळ बघितली नाही मी."

"मीपण नाही," मुंगी म्हणाली आणि त्यांच्या कुशीत शिरली.

"चल, पोस्टमन," ताई हळूच म्हणाली. तेव्हा कुठे तो उठला, आणि बाबांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून पुन्हा बसला.

---

दुपारी बारा वाजता कोंडवाड्याची गाडी आली तशीच परत गेली. साहेबांनी तीनही घरटी पाहिली, बाबांकडून सगळं ऐकलं. त्यांनी टोपी काढली.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुमच्या काकांची नाही. मी काठ्या पाहिल्या, पण त्या लावणारीला तिच्या हयातीत कधी विचारलं नाही, की असं का." मग मुलांकडे वळले. "शाबास रे पोरांनो! मी तुम्हाला घालवून दिलं आणि तुम्हीच बरोबर निघालात. आजपासून सबंध उत्तर किनारा बंद, पिल्लं उडेपर्यंत. ती पद्धत तुमच्या मावशीच्या नावाने लिहून ठेवू. आणि ते बूट द्या, काचेच्या कपाटात ठेवू."

"नको," मुंगी म्हणाली. "ते कामाचे आहेत."

साहेबांनी मान डोलावली. भोपळ्याची पाठ त्यांनी इतक्या जोरात थोपटली की त्याला ठसका लागला. कौतुक झालं, चहाबरोबर केक झाला, सगळं झालं. मुंगीने ताईच्या कानात एवढंच म्हटलं, "ज्या एका माणसाने शाबास म्हणायला हवं होतं ना..." आणि ताईने मान हलवली.

सोमवारी उजाडता उजाडता चौघं निघाले. बाबा पायी, त्यांच्या हातात पिवळ्या दोरीचं जादा भेंडोळं. कारण अजून एक घर राहिलं होतं!

"दहावं!" भोपळा म्हणाला. "सहाचं दुःख आहेच, पण एक तरी जास्तीचं मिळेल."

पोस्टमन पुढे चालला होता. फुटलेल्या सहाही घरी तो बसला. मुंगी प्रत्येक ठिकाणी "चल" म्हणत होती, आणि प्रत्येक ठिकाणी बाबा डोळे मिटत होते. सातव्या घरी टरफलं दिसली आणि मुंगी जागीच थबकली. पण ती चुरडलेली नव्हती, नीट उघडलेली होती. पलीकडे कापसाचे तीन गोळे काडीसारख्या पायांवर धूम पळत होते! "निघाली! पिल्लं निघाली!" तिघंही दबक्या आवाजात ओरडली. बाबा हसले.

आठ झालं. नऊ झालं. पोस्टमन थांबला नाही. वाळू संपली, तो खडकांवर चढला. सगळे धापा टाकत मागे. एका सपाट खडकापाशी जाऊन तो बसला.

तिथे वाळू नव्हती, खळगा नव्हता, अंडी नव्हती. भोपळ्याने वाकून प्रत्येक फट शोधली. एका फटीत स्टीलचा एक कप उपडा घालून ठेवलेला होता, खाली बिस्किटाच्या पुड्याचा घडी केलेला कागद.

बाबांनी कप हातात घेतला. "हा हरवला म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो," ते म्हणाले.

सगळं कळायला मग वेळ लागला नाही. नऊ घरं झाली की ती इथे बसायची. थर्मासातला चहा प्यायची आणि बिस्किटातलं अर्धं याला द्यायची. हे दहावं घर. सत्तावीस दिवस झाले, पोस्टमन नेमाने इथे येत होता. कोणी बिस्किट देत नव्हतं, कोणी "चल" म्हणत नव्हतं, आणि शेवटी तो आपला आपणच घरी परतत होता. त्यातले दोनच दिवस चुकले, तेव्हा तो साखळीला होता.

भोपळ्याने खिशात हात घातला. पुड्यात एकच बिस्किट उरलं होतं. ते त्याने मुंगीच्या हातावर ठेवलं.

मुंगी खडकावर बसली. तिने बिस्किट मोडलं आणि अर्धं पुढे केलं. पोस्टमनने आधी बूट हुंगले. मग मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ते अर्धं बिस्किट घेतलं आणि सावकाश खाल्लं.

उरलेलं अर्धं मुंगीने स्वतः खाल्लं. ऊन खडकावर आलं तेव्हा ती उठली आणि बाबांचा हात धरला.

"चल, पोस्टमन," ती म्हणाली.